स्पेअर केबल लावली तरी बस फॉल्ट जात नाही, तेव्हा

लक्षण ओळखीचं आहे. गव्हाणीसमोर उसाच्या गाड्या लागल्यात, मिल पूर्ण लोडवर आहे आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर रिमोट आयओचं (लांबवरच्या सेन्सर-ड्राइव्हचे सिग्नल गोळा करणाऱ्या पॅनेलचं) एक स्टेशन लाल होतं. पॅनेल उघडलं तर इंटरफेस मॉड्यूलवर बीएफचा (बस फॉल्ट, म्हणजे केबलवरचं बोलणं तुटल्याचा) दिवा. शिफ्टमधला माणूस स्टोअरमधून स्पेअर केबल आणतो, बदलतो, दिवा विझतो आणि लॉगबुकात ‘केबल फॉल्टी, बदलली’ अशी नोंद होते. पंधरवड्यात तेच स्टेशन पुन्हा जातं. कधी तर स्पेअर लावल्यावर एकाची तीन स्टेशनं लाल होतात आणि मग पीएलसीच्या (या सगळ्याला चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) कार्डावर संशय घेतला जातो.

पुढचं बरंचसं प्रोफिबस डीपीबद्दल (पीएलसी आणि ही स्टेशनं ज्या सामाईक दोन वायरींच्या लाइनीवर, म्हणजे बसवर, बोलतात तिच्याबद्दल) आहे, कारण साखर कारखान्यांत केन कॅरिअरचे ड्राइव्ह, बॉयलरची आयओ, पॅन स्टेशन यांना जोडणारी ती जांभळी केबल अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. इतर केबलींबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

हा प्रश्न पुन्हा पुन्हा का येतो, याचं माझं उत्तर असं: काढलेली केबल बहुतेक वेळा चांगली असते आणि लावलेली स्पेअर कोणी कधी मोजलेलीच नसते. दोन्ही एकाच खिळ्याला टांगल्या जातात. पुढच्या ब्रेकडाउनला हाताला कोणती लागेल ते नशीब.

केबल काढायच्या आधी

पहिला प्रश्न केबलचा नाही, शेवटच्या स्टेशनचा विचारा: त्याला पॉवर आहे का? डीपीच्या टोकाला जे टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून उलटा येऊ नये म्हणून लावलेले रेझिस्टर) असतं त्यात ए आणि बी या दोन सिग्नल वायरींमध्ये २२० ओहमचा रेझिस्टर असतो, शिवाय दोन्ही बाजूंना ३९० ओहमचा एकेक. हे ३९० वाले ५ व्होल्टवर चालतात आणि ते ५ व्होल्ट त्या टोकाच्या उपकरणातूनच येतात, डी-सबच्या (नऊ पिनांच्या कनेक्टरच्या) ६ आणि ५ नंबरच्या पिनवर. म्हणजे लाइनीतला शेवटचा ड्राइव्ह बगॅस कॅरिअरचा असेल आणि मेकॅनिकलवाल्यांनी चेन बदलायला त्याचा इनकमर (मुख्य स्विच) पाडला असेल, तर कनेक्टरवरचा स्विच ‘ऑन’ दिसूनही टर्मिनेशन मेलेलं असतं. बस लगेच पडेलच असं नाही. ती डळमळते, मधलं एखादं स्टेशन येतं-जातं. तोवर कोणीतरी केबल बदलतो, तेवढ्यात चेनचं काम उरकतं, ड्राइव्ह चालू होतो आणि श्रेय नव्या केबलला मिळतं.

पडताळणी सोपी आहे. त्या टोकाला मागे पीजी सॉकेट (प्रोग्रॅमिंगचं उपकरण जोडायची जागा) असलेला कनेक्टर असेल तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ६ आणि ५ मध्ये मोजा. पाच व्होल्टच्या आसपास मिळालं पाहिजे. काहीच मिळत नसेल तर केबलीला हात लावू नका. असं वारंवार होत असेल तर शेवटाला वेगळ्या २४ व्होल्टवर चालणारं ॲक्टिव्ह टर्मिनेटर बसवून टाका, म्हणजे कोणी कुठलाही ड्राइव्ह बंद केला तरी फरक पडणार नाही. ड्राइव्हच्या कंट्रोल कार्डाला बाहेरून २४ व्होल्ट द्यायची सोय असेल तर तीही चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे कनेक्टरचे स्क्रू. मिल हाउसमध्ये सगळंच थरथरत असतं. दोनपैकी एक स्क्रू हरवलेला आणि दुसरा दीड आटा बसलेला, अशा कनेक्टरला बोटाने वर-खाली हलवून बघा आणि त्या वेळी बीएफच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. हलवल्यावर लुकलुकत असेल तर दुखणं कनेक्टरात आहे, मधल्या साठ मीटरमध्ये नाही. हे स्क्रू साधारणपणे ४-४० यूएनसी आट्याचे असतात. एम३ चा स्क्रू सुरुवातीला जातो, मग अडतो, आणि जोर केला की समोरचा आटा मरतो. मूठभर योग्य स्क्रू डबीत ठेवा, फार तर शंभर-दोनशे रुपयांचा मामला आहे.

तिसरं: मधल्या कुठल्या कनेक्टरचा टर्मिनेशन स्विच चुकून ऑन झालाय का? सीमेन्सच्या आणि त्या धर्तीच्या बहुतेक कनेक्टरमध्ये स्विच ऑन केला की पुढे जाणारी केबल आतून तोडली जाते. त्यामुळे ‘इथून पुढची सगळी स्टेशनं गेली’ असं चित्र असेल तर जिथून ती जातात त्याच्या अलीकडचा कनेक्टर आधी बघा. येणारी केबल १ नंबरच्या खाचेत आणि जाणारी २ नंबरच्या, बाण छापलेला असतो. टोकाच्या स्टेशनला केबल जाणाऱ्या खाचेत बसवली आणि स्विच ऑन केला की ते स्टेशन बसपासून तुटतं. घाईत तयार केलेल्या स्पेअरमध्ये ही चूक हमखास सापडते.

स्पेअरची परीक्षा

‘बझर वाजला, केबल ओके’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. बझर फक्त तांबं तुटलेलं नाही एवढं सांगतो. ती केबल कोणती आहे, किती लांब आहे, शील्ड (वायरींभोवतीचं धातूचं आवरण) लागलीय का, यातलं काही नाही.

केबल दोन्हीकडून सुटी करा, दोन्ही टर्मिनेशन ऑफ. आता ३ नंबर म्हणजे बी, लाल वायर. ८ नंबर म्हणजे ए, हिरवी. या दोघांत मोजल्यावर मीटरने उघडं सर्किट दाखवलं पाहिजे. दोघींपैकी कुठलीही आणि कनेक्टरचं धातूचं कवच यांतही उघडं. इथे काही किलोओहम दिसले तर आत ओल आहे किंवा शील्डच्या जाळीची एखादी तार हिरव्या वायरला टेकलीय. मग एका टोकाच्या कवचापासून दुसऱ्या टोकाच्या कवचापर्यंत मोजा. इथे उलट, ओहमच्या आतबाहेर आकडा आला पाहिजे. उघडं दाखवलं तर शील्ड क्लॅम्पखाली आलेलीच नाही. कोणीतरी जाकीट जास्त लांब ठेवलं आणि क्लॅम्प प्लास्टिकवर आवळला. ड्राइव्हच्या शेजारून जाणारी अशी केबल मल्टीमीटरवर उत्तम असते आणि कॅरिअरचा वेग वाढवला की स्टेशन पाडते.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि ती सगळ्यात कमी केली जाते. एक फीमेल डी-सब घ्या, तिच्या ३ आणि ८ पिना शॉर्ट करा आणि ही टोपी केबलच्या एका टोकाला लावा. दुसऱ्या टोकाला ३ आणि ८ मध्ये ओहम मोजा. आधी मीटरच्या प्रोब एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा. ए-टाइप डीपी केबलचा लूप रेझिस्टन्स (जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही वायरींचा मिळून) किलोमीटरला ११० ओहम, म्हणजे मीटरला ०.११. पंचवीस मीटरच्या केबलीत २.७५ च्या जवळपास आलं पाहिजे.

आता हे बघा. त्याच पंचवीस मीटरला मीटरने ०.६ दाखवलं तर ती दीड स्क्वेअर मिलिमीटरची साधी इन्स्ट्रुमेंट केबल आहे, कोणीतरी हाताशी होती म्हणून कनेक्टर चढवलेली. दोनच्या थोडं खाली दाखवलं तर अर्ध्या स्क्वेअरची असू शकते. चार-पाच दाखवलं तर एखाद्या टोकाची वायर कनेक्टरच्या पात्यात नीट बसलेली नाही, किंवा केबलवर लिहिलेली लांबी खोटी आहे. जाकिटाच्या रंगावर जाऊ नका, ते जांभळं कोणीही करतं. जाड तांबं म्हणजे चांगली केबल हा हिशेब पॉवरचा, इथे चालत नाही. डीपी केबलला १५० ओहमचा इम्पीडन्स आणि मीटरला ३० पिकोफॅरडपेक्षा कमी कपॅसिटन्स लागतो. पीव्हीसी इन्सुलेशनच्या साध्या जोडीचा कपॅसिटन्स कितीतरी जास्त असतो, मग सिग्नलच्या कडा बोथट होतात आणि जोडापाशी परावर्तन होतं. ९६०० बॉडवर एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात ही परावर्तनं विरून जातात. १.५ एमबीपीएसला तोच बिट ०.६७ मायक्रोसेकंदाचा. म्हणूनच ऊर्जा मीटरच्या मॉडबसवर (अशा मंद वेगाच्या बसवर) काहीही चालून जातं आणि तिथेच माणसाच्या हाताला वाईट वळण लागतं.

शेवटी टर्मिनेशन. एका टोकाचा स्विच ऑन केला की दुसरीकडे २२० अधिक त्या केबलचा लूप दिसायला हवा, दोन्ही ऑन केल्यावर ११० च्या जरा वर. दोन्ही ऑन असूनही २२० च राहिलं तर एक टर्मिनेशन केबलीला जोडलेलं नाही: खाच उलटी, किंवा स्विच खराब. तपासून झालं की दोन्ही स्विच ऑफ करूनच ठेवायचे. लावणाऱ्याने टोकाला लावताना जाणीवपूर्वक ऑन करावा. ऑन राहिलेली स्पेअर मधे लागली की पुढची सगळी लाइन गायब.

मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) मात्र लावू नका. अगदी लावायचाच असेल तर दोन्ही टोकं सुटी आहेत हे स्वतः जाऊन बघा, फोनवर विचारू नका. ५०० व्होल्ट एखाद्या चालू आयओच्या आरएस-४८५ चिपला गेले की केबलऐवजी मॉड्यूलचा इंडेंट (खरेदीची मागणी) टाकावा लागतो.

वर्कशॉपमध्ये जुना पीएलसी आणि एखादं रिमोट आयओ स्टेशन पडून असेल तर ते भंगारात देऊ नका. एका फळीवर बसवा, मधे स्पेअर लावा, १.५ एमबीपीएसवर चालू ठेवा आणि केबल दोन्ही कनेक्टरांपाशी हलवा, वाकवा, ओढा. पाच मिनिटं बीएफ लागला नाही आणि पीएलसीच्या डायग्नोस्टिक बफरमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) नवी नोंद आली नाही तर ती केबल पास. मल्टीमीटर जे पकडत नाही ते इथे सापडतं.

जास्तीची लांबी आणि तात्पुरती वाट

तुटलेला तुकडा सहा मीटरचा, स्टोअरमध्ये मिळालेली स्पेअर चाळीस मीटरची. उरलेलं वेटोळं ट्रेमध्ये टांगून ठेवलं जातं. बसच्या दृष्टीने ते वेटोळंही लांबीच. १.५ एमबीपीएसला एका सेगमेंटची (दोन टर्मिनेशनमधल्या सलग लाइनीची) मर्यादा २०० मीटर आहे. सेगमेंट आधीच १८० चा असेल तर तुम्ही तो २१४ चा केला, आणि स्पेअर लावल्यावर जास्त स्टेशनं लाल का झाली याचं उत्तर तिथेच आहे. ५०० केबीपीएसला ४०० मीटर मिळतात, १८७.५ ला १०००. बहुतेक कारखान्यांत कॅरिअर आणि पंपांच्या ड्राइव्हला दीड एमबीपीएसची गरज नसते, कमिशनिंग इंजिनिअरने सवयीने ठेवलेलं असतं. ऑफ सीझनला स्कॅन टाइमचा हिशेब करून वेग एक पायरी खाली आणता येतो. चालू हंगामात हा प्रयोग करू नका.

पंधरवड्याने परत येणाऱ्या फॉल्टचं आणखी एक कारण म्हणजे तात्पुरती टाकलेली केबल. रात्री ट्रेचं झाकण कोण उघडणार, म्हणून ती मोटरच्या पॉवर केबलींवरून सरळ टाकली जाते आणि मग हंगामभर तिथेच राहते. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुट केबलपासून निदान वीस सेंटिमीटरचं अंतर हवं आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. तात्पुरत्या केबलीला लाल फीत बांधा आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये ती ‘पेंडिंग’ म्हणून लिहा, नाहीतर ती कायमची झालीच समजा.

साठवण

खिळ्याला टांगलेली केबल खिळ्यावरच मरते. आठ मिलिमीटर जाडीची केबल एका बिंदूवर वर्षभर लटकली की तिथे आतल्या दोन वायरींमधलं अंतर दबतं, आणि ते अंतर बिघडणं म्हणजे इम्पीडन्स बिघडणं. मीटरवर हे दिसत नाही. अंगठा आणि कोपर यांत दोरीसारखं गुंडाळणंही टाळा, प्रत्येक फेऱ्याला केबलीला पीळ बसतो आणि फॉइलला चिरा जातात. दीड वीत व्यासाचं सैल वेटोळं, तीन ठिकाणी वेल्क्रो, आणि फळीवर आडवं. त्यावर पंप-मोटरचे बेअरिंग ठेवू नयेत, हे लिहावं लागतं म्हणजे बघा.

ड्रमवरच्या कापलेल्या टोकाला हीट-श्रिंकची टोपी चढवा. उघड्या टोकातून शील्डची जाळी वातीसारखी ओल आत ओढते आणि पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमधल्या ड्रमचे पहिले काही मीटर बाद होतात. इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात चिकटपणा सोडते, तिच्यावर भरवसा नको. शंका असेल तर जाकीट सोलून जाळी बघा: चकचकीत असेल तर ठीक, काळपट-हिरवट असेल तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. उंदरांचं वेगळं सांगायला नको. ऑफ सीझनला कारखान्यात माणसं कमी आणि ते जास्त. केबल झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात नको.

प्रत्येक केबलीवर दोन्ही टोकांना टॅग हवा. मास्किंग टेपवर मार्करने लिहिलेलं सहा महिन्यांत पुसतं, फेरूल प्रिंटरची पट्टी पारदर्शक हीट-श्रिंकखाली घातली की टिकते. मजकूर एवढाच पुरे: ‘डीपी, २५ मी., दोन्ही टोकं पीजीसह, लूप २.८, टर्मिनेशन ऑफ’ आणि तपासल्याची तारीख. लूपचा आकडा लिहिण्याचा फायदा असा की पुढच्या वर्षी तोच मोजायचा आणि वाढला असेल तर कनेक्टर उघडायचा.

परत आलेली केबल

इथेच सगळी साखळी तुटते. ब्रेकडाउनमधून काढलेली केबल रात्री तीन वाजता स्टोअरच्या दारात टाकली जाते आणि सकाळी जनरल शिफ्टचा माणूस तिला व्यवस्थित गुंडाळून चांगल्या केबलींशेजारी ठेवतो. त्याचा हेतू चांगलाच असतो.

यावर माझा नियम थोडा रांगडा आहे. काढलेल्या केबलीचा एका टोकाचा कनेक्टर जागेवरच कापून टाकायचा. म्हणजे ती घाईत कोणाला लावताच येणार नाही. कापलेला कनेक्टर खिशात घालून आणायचा आणि केबल ‘संशयित’ लिहिलेल्या वेगळ्या पेटीत टाकायची. फुरसतीत वरच्या सगळ्या चाचण्या करायच्या. पास झाली तर नवं टोक सोलून कनेक्टर चढवायचा, नापास झाली तर तुकडे करून भंगारात. काही जणांना चांगली केबल कापणं जिवावर येतं. तीन-चार सेंटिमीटर तांबं जातं. मिल तासभर थांबली तर काय जातं ते चीफ इंजिनिअरला विचारा.

याच कारणाने डीपीच्या तयार स्पेअर मी मोजक्याच ठेवतो: दोन लहान, एक मध्यम. बाकी सगळं ड्रमवर, सोबत कनेक्टर आणि ते तीन पात्यांचं सोलायचं हत्यार. सवय झाली की ताजं टोक करायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि लांबी हवी तेवढीच कापली जाते. तयार केबलचा साठा तिथे करा जिथे साइटवर टोक करताच येत नाही: डीसीएसच्या (कंट्रोल रूममधल्या मुख्य नियंत्रण यंत्रणेच्या) रॅकमधल्या मोल्डेड केबली, आयओ बसच्या छोट्या जोडण्या, प्रोग्रॅमिंग केबली. यांना पर्याय नसतो आणि यंत्रणा जुनी असेल तर मागवूनही वेळेत येत नाहीत.

बाकीच्या केबली, थोडक्यात

मॉडबस आरएस-४८५ ला टर्मिनेशन सहसा १२० ओहमचं. ए-बी ही नावं वेगवेगळे उत्पादक उलटसुलट वापरतात, त्यामुळे टॅगवर वायरीचा रंग आणि प्लस-मायनस लिहा.

इथरनेटच्या पॅचकॉर्डची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली असेल तर ती केबल तिथेच तोडून टाका, ‘सध्या चालतेय’ म्हणून परत ठेवू नका. हाताने क्रिम्प केलेल्या केबलीत १-२, ३-४, ५-६ अशा सरळ जोड्या लावलेल्या असतील तर स्वस्त टेस्टर आठही दिवे ओळीने लावतो आणि लिंक तरीही पॅकेट गाळत राहते, कारण ३ आणि ६ एकाच पिळाच्या जोडीत हव्यात. प्रोफिनेटची हिरवी चार वायरींची केबल १०० एमबीपीएसपुरती असते. सर्व्हर आणि गिगाबिट स्विच यांच्यामध्ये ती स्पेअर म्हणून लावली तर लिंक खाली उतरते, नाहीतर येतच नाही.

फायबरच्या पॅचकॉर्डला टोप्या हव्याच. पिवळी सिंगल मोड, नारिंगी आणि फिरोजी मल्टिमोड, यांची अदलाबदल चालत नाही. टोक डोळ्यासमोर धरून बघू नका.

प्रोग्रॅमिंग केबल एकटी ठेवू नका. ती केबल, तिचा यूएसबी कन्व्हर्टर, त्याच्या ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह आणि जो लॅपटॉप तिच्याशी बोलतो तो, सगळं एका पेटीत. नव्या विंडोजवर जुन्या कन्व्हर्टरचा ड्रायव्हर बसत नाही हे कळायला ब्रेकडाउनची रात्र ही सगळ्यात वाईट वेळ.

कधी करायचं

पावसाळा संपल्यावर, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी. खंडेनवमीला आपण पॅनेलला हार घालतो, हत्यारांना हळद-कुंकू लावतो. त्याच आठवड्यात स्पेअरची पेटी उघडून सगळ्या केबली एकदा मोजून काढाव्यात, म्हणजे मोळी टाकायच्या दिवशी पेटीत काय आहे ते कागदावर असतं. हंगामाच्या मध्यावर एकदा फक्त मोजणी: किती होत्या, किती उरल्या, संशयित पेटीत किती पडून आहेत.

खरेदीचं तेवढं सांभाळा. इंडेंटमध्ये ‘२ कोअर शील्डेड कम्युनिकेशन केबल’ एवढंच लिहिलं तर सगळ्यात स्वस्त कोटेशनवाली केबल येणार आणि ती डीपीची नसणार. ‘प्रोफिबस डीपी, टाइप ए, १५० ओहम, ०.६४ मिमी सॉलिड कंडक्टर, फॉइल अधिक जाळी, लूप रेझिस्टन्स ११० ओहम प्रति किमी’ एवढं स्पष्ट लिहा. ड्रम आला की जीआरएनवर (माल मिळाल्याच्या नोंदीवर) सही करण्याआधी दहा मीटर उलगडून मोजा, मधे न कापता: आतलं टोक ड्रमच्या भोकातून बाहेर काढलेलं असतं, ते शॉर्ट करून बाहेरच्या टोकाला मीटर लावला की शंभर मीटरच्या ड्रमला अकरा ओहम मिळाले पाहिजेत. दहा मीटर उलगडायचे ते जाकिटावरचे मीटरचे छापील आकडे खरे आहेत का ते टेपने बघायला.